अकरा-बीचा उतारा आणि एका सीएची अठरा वर्षं

तिसरं_रेल्वेगेट (धागाकर्ता)

परवा भाचा घरी आला होता. सीए फायनलचा निकाल लागलाय, पुण्याच्या एका मोठ्या फर्मचं बोलावणंही आलंय, पण डोक्यात 'सोशल सेक्टर' शिरलंय. म्हणाला, मामा, तुझ्यासारखं काहीतरी करायचंय. त्याला तासभर जे सांगितलं ते इथं लिहून काढतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात आणि तोवर कुणीतरी त्यांना चकचकीत भाषण ऐकवून गेलेलं असतं.

मी २००७ ला सीए झालो. दोन वर्षं पुण्यात ऑडिट केलं, कंटाळलो, आणि छोट्या घरांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या बेळगाव शाखेत आलो. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत होते. ते म्हणाले, "सीए होऊन हप्ते गोळा करायला जाणार काय रे तू?" फार चुकले नव्हते. पहिले सहा महिने तेच केलं.

गृहकर्ज हा धंदा आपल्याकडं तसा अलीकडचा. एच. टी. पारेखांनी १९७७ मध्ये एचडीएफसी काढली, त्याआधी नोकरदार माणूस निवृत्त होऊन पीएफ हातात आल्यावर घराला हात घालायचा. १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली. पण ही सगळी इमारत उभी आहे पगाराच्या पावतीवर, आणि आमच्या टेबलापुढं बसणाऱ्याकडं नेमकी तीच नसायची.

एक प्रसंग सांगतो. वडगावात एका विणकराकडं गेलो होतो. चार माग, खडखडाटात बोलणं ऐकू येईना. रिटर्न भरलेलं नाही, पासबुकात नोंदी तीन. उत्पन्नाचा पुरावा म्हटल्यावर त्यानं भिंतीवरची तार काढून दिली. त्या तारेत वर्षभराच्या चिठ्ठ्या टोचलेल्या: सूत किती आलं, साड्या किती गेल्या, मजुरीतून काय कापलं. जमिनीवर मांडी घालून महिन्यांप्रमाणं लावल्या. लग्नसराईच्या आधीची चवड जाड, आषाढातली पातळ. शेजारी विजेची बिलं ठेवली. युनिटं आणि साड्या जुळत होत्या. मी खुशीत आकडा काढला, तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "सायेब, भिशी धरली नाही तुम्ही." दोन भिश्या होत्या. नवऱ्याला एकच माहीत होती. त्या दोन्ही धरल्यावर कर्जाची रक्कम लाखानं खाली आली, आणि ते कर्ज पुढं एकही हप्ता न चुकता फिटलं. तेव्हापासून बाईमाणसाशी बोलल्याशिवाय मी एकही फाईल पुढं पाठवली नाही.

आता चूक सांगतो. त्याच कंपनीत तालुक्यातल्या एका ले-आउटमधल्या प्लॉटवर कर्ज मंजूर केलं. उतारा अकरा-बीचा होता. वरून टार्गेटचा रेटा होता हे खरं, पण सही माझी होती. चार वर्षांनी कर्जदाराला आजारपणामुळं घर विकायची वेळ आली. गिऱ्हाईक मिळालं, पण त्या कागदावर गिऱ्हाइकाला कुठली बँक कर्ज देईना. शेवटी घर गेलं ते रोख देणाऱ्याला, पडेल भावानं. कंपनीचे पैसे पूर्ण वसूल झाले. फाईलवर 'क्लोज्ड' असा शिक्का बसला. त्या माणसाची पुंजी कुठं गेली याला आमच्या फाईलमध्ये रकानाच नव्हता.

नोकरी सोडायचं तेच खरं कारण. २०१९ पासून एका ट्रस्टमध्ये आहे. पगार निम्म्यावर आला, बायकोनं दोन महिने बोलून दाखवलं, मग सोडून दिलं. काम काय करतो? दात्यांचे पैसे घेऊन गरिबांना घरं बांधून देतो असं लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. एका घराच्या पैशात आम्ही वीस-पंचवीस घरांचे अडलेले कागद सोडवतो: वारसा नोंद, मोजणी, वकिलाची फी, नोंदणीचा खर्च. कर्ज देणारे पुष्कळ आहेत, सरकारी अनुदानंही आहेत, पण या अडकलेल्या दहा-वीस हजारांना कर्ज कुणी देत नाही आणि अनुदानही नाही. दानाचा रुपया तिथं घालावा, असं माझं अठरा वर्षांनंतरचं मत. वाद घाला, मी आहे इथंच.

कुंदा_कमी_गोड

छान लिहिलंय. पण अकरा-बी म्हणजे काय ते आमच्यासारख्या मुंबईत वाढलेल्यांना सांगा. आमच्याकडची गुंठेवारी तीच का?

तिसरं_रेल्वेगेट

जवळपास. कर्नाटकात ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतींचे उतारे ई-स्वत्तू या प्रणालीतून निघतात. जमीन रीतसर बिगरशेती झाली असेल, ले-आउट मंजूर असेल तर फॉर्म ९ आणि ११-ए मिळतो. शेतजमिनीचे नुसते गुंठे पाडून विकले असतील तर ११-बी. दोन्हींवर शिक्का असतो, दोन्हींवर घरपट्टी भरून घेतात, म्हणून घेणाऱ्याला वाटतं सगळं पक्कं आहे. शहराला लागून असलेल्या गावांत असे प्लॉट पन्नास रुपयांच्या बॉण्डवरसुद्धा विकले गेलेत. आणि उतारा कन्नडमध्ये. विकणारा एजंट मराठीत सांगतो, "उतारा आहे की मावशी, हे बघा," आणि मावशी बघतात. एका अक्षराचा फरक असतो, तोच त्यांना वाचता येत नाही.

निपाणीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या तुमच्या 'परवडणाऱ्या' कंपन्या आमच्या बिडीवाल्या बायकांना १३-१४ टक्क्यांनी कर्ज देतात. बँकेतल्या क्लार्कला तेच साडेआठनं. मग नफ्यातून दोन टक्के सीएसआर, म्हणजे कायद्यानं करायचा सामाजिक खर्च, काढायचा आणि फोटो छापायचे. दान कसलं ते, आधी घेतलेलंच परत करायचं, तेही दोन टक्के.

सोलापूरला बघा. बिडी कामगारांनी त्यांचे नेते आडम मास्तर यांच्या मागं लागून स्वतःची घरं मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं २००६ मध्ये झाली. मग रे नगर, तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. निपाणीत तंबाखू तेवढीच, बिड्या तेवढ्याच, १९८० च्या आसपास आंदोलनंही मोठी झाली, पण घरांचं काय झालं? त्याला सीए नको होता, संघटना हवी होती.

तिसरं_रेल्वेगेट

राग कशाला मानू, अर्ध्याहून जास्त खरं आहे. व्याज जास्त का, तर कंपनीला पैसा महाग मिळतो, कर्ज छोटं असलं तरी घरी जाऊन चौकशी तेवढीच करावी लागते, वगैरे. ही कारणं मी दहा वर्षं लोकांना सांगितली. खोटी नाहीत. पण हिशेब मांडला की जीव दचकतो. सहा लाखांचं कर्ज, वीस वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ५,२०० रुपये, बारा टक्क्यांनी ६,६००. महिन्याला चौदाशे जास्त, आणि ते कुणाच्या खिशातून, तर ज्याला ते सगळ्यात जड जातात त्याच्या.

२०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतली व्याज सवलत होती तेव्हा हे थोडं सुसह्य झालं होतं. सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्क्यांची सवलत एकरकमी खात्यात, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. ती मुद्दलातून वजा झाली की बारा टक्क्यांचा हप्तासुद्धा ३,६०० ते ३,७०० वर यायचा. मी शाखेत होतो तेव्हा ती रक्कम जमा झाल्याचा फोन करायचं काम स्वतःकडं ठेवलं होतं. त्या नोकरीत मनाला बरं वाटायचं ते तेवढंच. ही सवलत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत.

सोलापूरबद्दल मात्र एक जोडतो. संघटना नसती तर काही झालंच नसतं, मान्य. पण दहा हजार बायकांच्या नावे कर्ज, अनुदान, वर्गणी यांचे हिशेब कुणीतरी ठेवलेच असणार ना? तो माणूस सीए नसेल. कामाला आमचाच भाऊ.

निपाणीकर

होय की. तेवढं मान्य.

जर्सीतली_बेळगावकरीण

मी टिळकवाडीची, गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत एका ना-नफा गृहनिर्माण संस्थेत हिशेबाचं काम करते. इथलं गाडं कसं चालतं ते सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

इथं स्वस्त भाड्याच्या बहुतेक नव्या इमारती उभ्या राहतात त्या एका करसवलतीवर, १९८६ च्या कर सुधारणा कायद्यातून आलेल्या. सरकार संस्थेला थेट पैसे देत नाही, कर कमी करण्याचा हक्क देते. संस्थेला कर नसतोच, मग ती तो हक्क बँका आणि विमा कंपन्यांना विकते आणि त्या भांडवलातून इमारत बांधते. गुंतवणूकदाराला सवलत मिळते दहा वर्षं, पण भाडी आणि भाडेकरूंच्या उत्पन्नाचे नियम निदान पंधरा वर्षं पाळावे लागतात, नाहीतर दिलेली सवलत परत मागतात. माझं सगळं आयुष्य त्या नियमांचे कागद तपासण्यात गेलं. भाडेकरूचा पगार अमुक डॉलरनं वाढला तर काय, मुलगी शिकायला गेली तर घरात माणसं किती धरायची, असे प्रश्न.

आणि जमिनीचं म्हणाल तर या राज्यात १९७५ चा माउंट लॉरेल खटल्याचा निकाल आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गावांनी नियम असे करू नयेत की गरिबाला घरच बांधता येणार नाही. पन्नास वर्षं झाली, अजून गावं कोर्टात भांडतायत! लोकांना स्वस्त घरं हवी असतात, फक्त आपल्या गल्लीत नको. हे अनगोळपासून अमेरिकेपर्यंत सारखंच.

धागाकर्त्यांना विचारायचं होतं, तुम्ही भाड्याच्या घरांचं काही करता का? इथं सगळा भर भाड्यावर, तिकडं सगळं मालकीचं.

तिसरं_रेल्वेगेट

नाही करत, आणि ती आमची उणीव आहे. उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत बाहेरून आलेली पोरं एका खोलीत सहा-सहा राहतात. दात्याला भाड्याची खोली दाखवून उद्घाटन करता येत नाही, हेही एक कारण.

फीतकाप्या

उद्घाटनाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी एका कारखान्यात सीएसआर बघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५: नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात फेब्रुवारीत साहेबांचा फोन येतो, "पंधरा लाख राहिलेत, ३१ मार्चच्या आत काय होईल?" दीड महिन्यात काय होतं? शाळेचं गेट होतं. बाकं होतात. वारसा नोंद होत नाही. वारसा नोंदीपुढं फीत कशी कापणार?

२०२१ च्या नियमांनंतर चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चता येतात, पण आधी प्रकल्प बहुवर्षीय म्हणून संचालक मंडळाकडून ठरवून घ्यावा लागतो. संस्थांनी हे ऑक्टोबरातच आमच्याकडं मागितलं तर आम्हीही सुटू. मागत नाहीत. मार्चमध्ये बाकं मागतात.

मांडे_हळू_मोडा

अवांतर: घर आणि उद्योग यांवरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं, पुढं नांगर केले. मग नगरपालिकेनं त्यांना जागा खाली करायला सांगितली, कारण तिथं नवी वसाहत व्हायची होती. ती वसाहत म्हणजे आजची टिळकवाडी. लक्ष्मणराव औंध संस्थानात गेले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, कामगारांच्या घरांसकट. म्हणजे घरांसाठी आपण कारखाना घालवला आणि कारखान्यानं तिकडं घरं बांधली. जर्सीच्या ताई टिळकवाडीच्या आहेत म्हणून चिमटा.

आणि दानाचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याला ते नवं नाही. सौंदत्तीकडच्या शिरसंगीच्या लिंगराज देसायांनी सगळी इस्टेट शिक्षणासाठी देऊन टाकली. त्यांच्या नावाचं कॉलेज रोज बघतो आपण. मुद्दा असा की त्यांनी उत्पन्न देणारी जमीन दिली, म्हणून ते दान शंभर वर्षांनंतरही चालू आहे. गेट गंजतं.

खानापूरची_नलू

मी पहिल्यांदाच लिहितेय. ऑगस्ट २०१९ च्या पावसात आमचं घर पडलं. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं. रात्री आडोशाची भिंत बसली, आम्ही गोठ्यात होतो म्हणून वाचलो. पूर्ण पडलेल्या घरांना सरकारनं पाच लाख जाहीर केले, आमचं नाव 'ए' यादीत आलं. पण पैसे टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचा फोटो काढून अपलोड झाल्यावर. पुढच्या टप्प्यासाठी आधी आपण खर्च करायचा. घर पडलेल्या माणसाकडं खर्चायला काय असणार?

आईनं मायक्रोफायनान्सवाल्यांकडून बायकांच्या गटाचं कर्ज काढलं, दर आठवड्याला हप्ता. पुढचे पैसे यायला उशीर झाला, मग ते फेडायला दुसऱ्या गटाचं काढलं. घर झालं. पण घराचं कर्ज नसताना घरामुळं झालेलं कर्ज तीन वर्षं फेडलं. या असल्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीवरूनच २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला ना?

तिसरं_रेल्वेगेट

नलूताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा मोलाचं आहे. होय, तोच वटहुकूम.

तुम्ही सांगितलंत नेमक्या त्याच फटीत आम्ही आता काम करतो. सरकारी योजनेतलं नाव नक्की झालं की जोत्यापुरते पैसे बिनव्याजी देतो, टप्प्याचे पैसे खात्यावर आले की परत घेतो, आणि तेच पुढच्या घराला. दात्याचा एकच रुपया वर्षातून दोनदा-तीनदा फिरतो. ऐकायला सोपं आहे. पहिल्या वर्षी आम्ही भाबडेपणानं पैसे रोख हातात दिले, त्यातून एका घरी लग्न झालं. आता सिमेंट आणि जांभा दगडवाल्याला थेट देतो. लग्नाचे पैसेही परत आले, उशिरा का होईना, पण आम्ही शिकलो.

आणि मराठी कागद. कर्जाचा करार चाळीस पानी, इंग्रजी किंवा कन्नड. आम्ही त्याच्यावर एक पान मराठीतून लावतो, हातानं लिहिलेलं. किती घेतले, हप्ता किती, कितव्या तारखेला, व्याज वाढलं तर हप्ता वाढेल की मुदत. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा होतं, मग ६० दिवसांची नोटीस येते, नोटीस आली की घाबरून एजंटकडं न जाता काय करायचं. शेवटची ओळ: घर कुणाच्या नावावर आहे. योजनेतून नवं घर घेताना बाईचं नाव असावंच लागतं, तरी दहातल्या तीन-चार बायकांना ते ठाऊक नसतं. एका काकींनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?"

नवा_सीए_वडगाव

सर, धाग्यातला भाचा मी नाही, पण परिस्थिती तीच. विचारायचं होतं की या क्षेत्रात यायचं तर आधी काय शिकू? इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगचा, म्हणजे समाजाच्या भल्यासाठीच्या गुंतवणुकीचा, एखादा कोर्स?

तिसरं_रेल्वेगेट

आधी तीन-चार वर्षं खऱ्या कर्जाच्या शाखेत काढ. वसुलीला जा. 'नाही' म्हणायला शीक. न झेपणारं कर्ज दयेपोटी देणं ही सगळ्यात वाईट दया. ट्रस्टमध्ये सरळ आलास तर दात्यांना आवडणारे अहवाल लिहीत बसशील. ट्रस्टच्या करमाफीचे, देणगीवरच्या करसवलतीचे, परदेशी निधीचे नियम हे सगळं नंतर पंधरा दिवसांत समजतं.

आणि कन्नड वाचायला शीक.

सीमाभाग_१९५६

हे पटलं नाही. आमच्या लोकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत यासाठी दोन पिढ्या भांडल्या. भाषिक अल्पसंख्याकांचा तो हक्क आहे. आणि तुम्ही सांगता कन्नड शिका?

तिसरं_रेल्वेगेट

साहेब, मोर्चात मीही होतो, पुढंही येईन. कागद मराठीतून मिळायलाच हवेत. पण ते मिळेपर्यंत माझ्या टेबलावर जो उतारा येतो तो कन्नडमध्ये येतो, आणि तो ए आहे की बी हे मला एजंटला विचारावं लागत असेल तर मी त्या मावशींच्या काय कामाचा? माझी ती सही आठवा. तो उतारा मी त्या दिवशी दुसऱ्याकडून वाचून घेतला होता.

सीमाभाग_१९५६

...हे आधी का लिहिलं नाहीत?

तिसरं_रेल्वेगेट

लाज वाटली.

नवा_सीए_वडगाव

सर, कन्नड पहिलीचं पुस्तक गणपत गल्लीत मिळेल ना? उद्या जाणार आहे तिकडं.

तिसरं_रेल्वेगेट

विकत नको घेऊस. रविवारी घरी ये, माझ्याकडं आहे. लेकीचं जुनं आहे, अर्ध्या पानांवर तिनं मिशा काढून ठेवल्यात, पण अक्षरं दिसतात.